तिसरं 'नाही'

ऐन भरिताच्या हंगामात, मार्गशीर्ष लागता लागता, तानुबाईंचा आवाज बसला.

दुसऱ्या कुणाचा बसला असता तर हळद-मिठाच्या गुळण्यांवर भागलं असतं. पण तानुबाई म्हणजे जळगावच्या पिंप्राळ्यातलं 'तानुबाई भरीत केंद्र', आणि भरीत केंद्र म्हणजे तानुबाईंचा फोन. भरीत काय, गावात पुष्कळजण करतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत मिरची-लसूण घालून कुटायची. इथे हे शाळकरी पोरांनाही येतं. पण दोन किलो सांगायला फोन केलेल्या माणसाने चार किलो सांगायचे आणि वर 'अक्का, बरं वाटलं बोलून' म्हणत फोन ठेवायचा, ही विद्या एकट्या अक्कांची होती.

त्या विद्येचा नियम एकच. पाहुणा तीनदा नाही म्हणेपर्यंत वाढत राहायचं. पहिलं नाही रीतीचं असतं, दुसरं लोक काय म्हणतील याचं, आणि तिसरंच काय ते पोटातलं. तिसऱ्याच्या आधी थांबला तो कंजूष, तिसऱ्यानंतर वाढत राहिला तो आगाऊ. अक्कांच्या लेखी गिऱ्हाईकही पाहुणाच होतं, फक्त ते जाताना पैसे देऊन जायचं.

"महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही," घशाच्या डॉक्टरांनी बजावलं. "बोललात तर आवाज कायमचा जाईल."

तेव्हापासून अक्का पळीने बोलू लागल्या. पातेल्यावर पळी एकदा आपटली की हो, दोनदा आपटली की नाही, आणि सलग आपटत राहिली की समोरच्याने आपण काय चुकलो ते स्वतः शोधायचं.

फोन मुलाकडे, नवलकडे आला. नवल मनाने सोन्यासारखा, पण फोनवर तो हवालदार व्हायचा. "हां, बोला. किती? दोन. बरं. ठेवा." गिऱ्हाईक घाबरून दोनाचा दीड करायचं. हंगाम तीन महिन्यांचा, त्यावर घर वर्षभर चालायचं, आणि हंगाम असा डोळ्यांदेखत वाळत चालला होता. सून मेघा लग्नाआधी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. दुकानाचा हिशोब, सिलिंडर, कामावरच्या बायांच्या पाळ्या, सगळं तिच्याकडे होतं. पण फोनला हात लावायची तिला मुभा नव्हती. तो जुना मोबाईल अक्कांच्या कमरेच्या पिशवीत असायचा, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी "मेघा, जरा फोन घे" हे शब्द काही तिच्या कानावर पडले नव्हते.

नवलने धुळ्याच्या मामेभावाला, योगराजला बोलावलं. योगराज तयार एआय विकायचा. हॉटेलं, दवाखाने, लॉन, सगळीकडे त्याचा 'सहायक' फोन उचलत असे.

"फुई, काळजी सोडा," तो आल्या आल्या म्हणाला. खानदेशात आत्याला फुई म्हणतात. "आज सही करा, उद्या सकाळी फोन सुरू. आमच्या सहायकाला चौदा हजार लोकांचा अनुभव आहे. गिऱ्हाईकाशी वाद म्हणून घालत नाही. एखाद्या गोष्टीला फार तर दोनदा नम्रपणे नाही म्हणेल, तिसऱ्यांदा गिऱ्हाईकाचंच ऐकेल."

"पण त्याला आपली गिऱ्हाईकं कुठे माहीत आहेत?" मेघा म्हणाली. "मी घरीच बनवते. अक्कांच्या फोनमध्ये वर्षानुवर्षांची बोलणी रेकॉर्ड झालेली आहेत. ती शिकवते त्याला."

"वहिनी, तुम्ही मोटरसायकल घरी बनवता का? विकतच आणता ना?"

"मोटरसायकल विकत आणतो. भरीत आणतो का?"

"पटतंय," नवल म्हणाला.

"बिघडलं तर कोण बघणार?" योगराजने विचारलं. "आमचं बिघडलं तर एक फोन करायचा, माझा माणूस हजर."

"हेही पटतंय," नवल म्हणाला. नवलला शेवटी बोलणाऱ्याचं नेहमीच पटायचं.

"आणि वहिनी, तुम्हीसुद्धा मूळ मेंदू कंपनीचाच घेणार. मग घरचं काय राहिलं त्यात?"

"पीठ बाजारचंच असतं, भाऊजी," मेघा म्हणाली. "पुरी घरची असते."

अक्कांनी पळी एकदा आपटली. मग दोन बोटं दाखवली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठवड्याची ओळ. सगळ्यांना कळलं: दोन्ही लावा, आठवडाभर बघू. अक्कांचा जुना नंबर मेघाच्या यंत्राला मिळाला, रिकामा मोबाईल अक्कांच्या पिशवीत परत गेला, आणि योगराजने नवीन नंबर घेऊन तो दुकानाच्या पाटीवर लावून घेतला. आठवड्याने जे हरेल ते बंद, आणि योगराजचं जिंकलं तर तीन हंगामांचा करार. मेघाने त्या रात्री नवलला सरळ सांगितलं, "हा फोन आत्ता माझ्याकडे आला नाही, तर पुन्हा येणार नाही."

मेघाच्या यंत्राला दुकानातल्या बायांनी नाव ठेवलं धाकली. आवाज अक्कांचा, बोलणं अक्कांचं, आणि मेघा प्रामाणिक म्हणून सुरुवातीलाच ते सांगून टाकायचं, "मी अक्का नई बरं, अक्कानी धाकली. अक्काना घसा बठेल शे." वर मेघाने त्याला अक्कांचा नियमही घालून दिला होता: तिसऱ्या नाहीपर्यंत आग्रह सोडायचा नाही.

पहिल्याच दिवशी जामनेरच्या कौतिक नानांचा फोन आला. नाना शाळेत पी.टी.चे मास्तर होते. निवृत्त होऊनही शिट्टी गळ्यात असल्यासारखेच बोलायचे.

"चार किलो सांगितलं होतं. रद्द करा."

"कसाले नाना? तब्येत बरी शे ना?"

"तब्येतीला काय झालंय? पाहुणे येणार नाहीत. नको."

"पावना नई उनात ते काय व्हयनं? घरना मानसं शेतच ना!"

"अहो, घरात आम्ही दोघंच. नको म्हणतो ना!"

"दोनच? मंग ते शेजारले बलावा. एकलं खायेल भरीत गोड लागस का?"

मग नाना पडक्या आवाजात म्हणाले, "सहा किलो पाठवा." पळीने आनंद कसा दाखवायचा ते अक्कांना सुचेना, म्हणून त्यांनी ती नुसतीच हवेत फिरवली.

सहायकाचं मात्र अवघड झालं. तो मुळात हॉटेलांसाठी घडलेला. कुणी तीन किलो भरीत मागितलं तर विचारायचा, "आपण चेक-इन कधी करणार?" एकाला त्याने एसी की नॉन-एसी असं विचारलं. तो म्हणाला, "भरीत गरम पाहिजे." सहायकाने नॉन-एसी अशी नोंद केली. योगराज धुळ्याहून फोनवर म्हणाला, "होतं असं पहिल्यांदा. त्याला जुन्या गिऱ्हाईकांशी बोलू द्या. दुपारी मोकळ्या वेळात तो आपण होऊन फोन करतो, अभिप्राय घेतो, ओळख वाढवतो. नंबर द्या त्याला." नवलने आपल्या मोबाईलमधले सगळेच्या सगळे नंबर त्याला देऊन टाकले. त्यात नळवाला होता, सासरेबुवा होते, घशाचे डॉक्टर होते. निवडत बसायला नवलला वेळ नव्हता.

आठवडा संपायच्या आदल्या दिवशी दुपारची जेवणं उरकून सगळे लवंडले होते. चहाच्या वेळी नवल उठला, आपला मोबाईल लावायला त्याने धाकलीच्या फोनचा चार्जर काढला, आणि तेवढ्यात त्याचं लक्ष ऑर्डरच्या छोट्या प्रिंटरकडे गेलं. चिठ्ठी बाहेर लोंबत होती. टी.एन.पी. हॉस्पिटॅलिटी, पिंप्राळा, आणि कुठलासा गट नंबर. भरीत दोन क्विंटल. उद्या संध्याकाळी.

"व माय!" वांगी भाजणारी सुंदरबाई ओरडली. "दोन क्विंटल? कोनं लगन शे?"

"धाकलीने घेतली ऑर्डर!" नवल नाचायचाच बाकी राहिला. "हॉस्पिटॅलिटी म्हणजे मोठी पार्टी असणार!"

मेघाचे डोळे भरून आले. तरी ती म्हणाली, "एकदा उलट फोन करून खात्री करू या का?"

नवलचा चेहरा पडला. अक्कांच्या कपाळाला आठी पडली. दुकानात विसार घ्यायची पद्धत नव्हती. फोनवरचा शब्द हाच विसार. आणि एकदा जेवायला हो म्हटलेल्या पाहुण्याला 'नक्की येताय ना?' असं विचारणं म्हणजे त्याने येऊ नये असं सुचवणं. अक्कांनी पळी दोनदा आपटली. मेघालाही आपलीच लाज वाटली, आणि ती मुकाट्याने वांग्यांच्या मागे लागली.

मग जे झालं ते पाहण्यासारखं होतं. आसोद्याहून वांगी आली, बामणोदहून आली, कमी पडली तेव्हा बाजार समितीतून आली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गल्लीत कपाशीच्या काड्यांचा असा धूर झाला की शेजारणी चौकशीला आल्या आणि पदर खोचून सोलायलाच बसल्या. बडग्या कमी पडल्या म्हणून घरोघरच्या माळ्यांवरून खाली आल्या. सुंदरबाई ओरडत होती, मेघा कुटत होती, अक्का न बोलता सगळ्यांना कामाला लावत होत्या. एवढी माणसं एका शब्दावर राबत होती आणि एकालाही तो शब्द कुणाचा ते विचारावंसं वाटलं नाही. या लोकांचं कौतुक करावं की यांच्यापुढे हात टेकावेत, ते काही ठरवता येत नाही.

दुपार कलताना भाईदासच्या लोडिंग रिक्षात पातेली चढली. त्याच वेळी योगराज करार घेऊन धुळ्याहून आला. दोन क्विंटलचं ऐकून त्याचा चेहरा उतरला, पण गडी दिलदार. म्हणाला, "वहिनी, मानलं तुम्हाला."

अर्ध्या तासाने भाईदास पातेल्यांसकट परत आला.

"सापडेना का?" नवलने विचारलं.

"सापडलं ना," भाईदास मोबाईल दाखवत म्हणाला. "दोन चकरा मारल्या. नकाशा म्हणतो, पोहोचलात. इथंच."

"इथंच म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही उभे आहात तिथंच."

मेघाने चिठ्ठीवरचा गट नंबर वाचला. मग भिंतीला खोचलेल्या वीजबिलावरचा वाचला. दोन्ही एकच होते. हळूहळू सगळे योगराजकडे वळले.

योगराज खाकरला. "टी.एन.पी. म्हणजे... तानुबाई, नवल, पिंप्राळा. सहायकाची नोंदणी करताना टाकलं मी. 'भरीत केंद्र' जरा हे वाटत होतं. नवलभाऊंनी सही केलीय त्यावर."

"वाचली होती का?" मेघाने नवऱ्याला विचारलं.

"त्याने समजावलं तेव्हा पटलं होतं," नवल म्हणाला.

मेघाने धाकलीच्या फोनवरचं आदल्या दुपारचं बोलणं लावलं. नवलने दिलेल्या नंबरांत पहिलाच नंबर 'अक्का दुकान' असा होता, आणि सहायकाने इमानाने तिथूनच सुरुवात केली होती.

"नमस्कार. आमच्या सेवेबद्दल आपला अभिप्राय हवा होता."

"अभिप्राय मंग देसु भाऊ. पहिले सांग, जेवन व्हयनं का?"

"क्षमस्व, मी जेवत नाही."

"जेवत नई? असं कसं चाली? एक किलो धाडसु."

"नको, धन्यवाद."

"लाजू नको."

"आभारी आहे. पण आवश्यकता नाही."

"मन्ही आन शे तुले."

"नक्कीच. आपल्या सूचनेनुसार एक किलोची नोंद घेतली आहे."

"एक किलोमा काय व्हस? घरमा कितला मानसं शेत?"

"आमच्याशी सध्या चौदा हजार ग्राहक जोडलेले आहेत."

मग अक्कांच्या आवाजातलं सगळं मायेचं पाणी त्या फोनमध्ये उतरलं. "माय व! येवढं मोठं खटलं शे तुन्हं, आनि तू उपाशी?"

पुढे सगळी दुपार तेच. धाकली तिसऱ्या नाहीची वाट पाहत वाढवत होती. सहायक दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा नक्कीच म्हणत होता. तिसरं नाही त्याच्या घडणीतच नव्हतं. नवलने चार्जर काढला आणि फोन मेला, म्हणून दोन क्विंटलवर थांबलं. नाहीतर जिल्ह्यात औषधालाही वांगं उरलं नसतं.

"तुमच्या यंत्राने विकलं," योगराज म्हणाला.

"तुमच्या यंत्राने घेतलं," मेघा म्हणाली.

"पटतंय," नवल म्हणाला, आणि पळी सलग आपटू लागली.

योगराजने खुर्चीवर करार ठेवला. वाईट त्यालाही वाटत होतं. "फुई, घरी बनवलं की हे असं. माझ्याकडे निदान भांडायला कंपनी आहे. इथे कुणाला धरणार?"

अक्कांनी पातेल्यांकडे पाहिलं. उद्या या भरिताची चव उतरणार होती, आणि या दुकानातून अन्न कधी उकिरड्यावर गेलं नव्हतं. मग त्यांनी मेघाकडे पाहिलं. मेघाच्या हातांना अजून मिरचीची आग होती, आणि ती रडत नव्हती एवढंच.

"भरीत जास्त नाही झालं, अक्का," ती एकदम म्हणाली. "पाहुणे कमी पडलेत. बोलावू या. आणि तिने लावलेला आग्रह तिलाच निस्तरू दे."

अक्कांनी पळी एकदा आपटली.

मेघाने धाकलीला जुन्या गिऱ्हाईकांचे नंबर दिले, फक्त माणसांचे. सहायकाचा आधी काढून टाकला. आणि तानुबाईंचा आवाज पिंप्राळ्यातून घरोघर निघाला. "मी अक्कानी धाकली. भरीत गरम शे, पुऱ्या तळाई राह्यन्यात. घरना बठ्ठासले ली या." कुणी म्हणालं, आज उपास आहे. कुणी म्हणालं, घरी भाजी झालीय. दुसऱ्या नाहीपलीकडे फारसं कुणी टिकलं नाही. आणि पुष्कळांनी भरिताचं विचारलंच नाही; ते विचारत होते, "अक्का कशा आहेत? घसा बरा आहे ना?" मेघाने फोनचा आवाज मोठा केला. अक्का पाटावर बसून ऐकत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी लोकांना विचारलं होतं, जेवलात का; लोक आता त्यांना विचारत होते. त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि धूर फार झाला असं हातानेच सांगितलं. चुली केव्हाच विझल्या होत्या.

दिवेलागणीला गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. डबे आले, स्कूटरी आल्या, वसतिगृहातल्या पोरी घोळक्याने आल्या. कौतिक नाना जामनेरहून शेजाऱ्यांची जीप भरून आले आणि आल्या आल्या रांग सरळ करायला लागले. "मी दोनदा नाही म्हणालो होतो," ते ज्याला त्याला सांगत होते. "ठणकावून म्हणालो होतो." जो खायचा तो घरीही बांधून न्यायचा, आणि जाताना पैसे देऊन जायचा. शेवटचं पातेलं सुंदरबाईने पुरीने पुसलं तेव्हा ती स्वतःच ते बघून हसली.

योगराजचं तिसऱ्यांदा वाढून झालं होतं. त्याने हात धुतले, करार परत बॅगेत घातला आणि तो अक्कांसमोर मांडी घालून बसला.

"फुई, मी विकायला आलो होतो. आता विकत घेतो. ही धाकली मला द्या. धुळ्यात दुकानादुकानात लावतो."

अक्कांचं तोंड उघडलं. डॉक्टरांचा महिना अजून सरायचा होता.

"नई," अक्का म्हणाल्या.

आवाज घोगरा होता, पण होता. सुंदरबाईच्या हातातली परात खाली पडली. नवल हात जोडून उभाच राहिला. योगराजने मात्र मांडी मोडली नाही. शेवटी तोही खानदेशातलाच.

"हे पहिलं झालं, फुई."

"नई. घरनी पोर शे ती."

"हे दुसरं."

"अक्का, बोलू नका!" मेघा धावली. "डॉक्टरांनी सांगितलंय!"

अक्कांनी तोंड मिटलं. थोडा वेळ त्या सुनेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून तो जुना मोबाईल काढला आणि मेघाच्या तिखटाने लाल झालेल्या तळव्यावर ठेवला. तिची बोटं आपल्या हाताने मिटवली. आणि पळी योगराजकडे रोखली. तिसरं काय म्हणायचं ते आता तिनेच म्हणायचं होतं.

मेघाने फोन छातीशी धरला. योगराज आशेने तिच्याकडे बघत होता.

"भाऊजी," ती सावरून म्हणाली, "भरीत संपलं. दोन पुऱ्या आहेत. त्या आधी खा."

सहायकालाही काढून टाकायचं नवलने ठरवलं होतं, पण अक्कांनी पळी दोनदा आपटली. दोन क्विंटलचं गिऱ्हाईक कुणी घालवतं का? दुपारच्या मोकळ्या वेळात तो अजून अभिप्राय विचारतो, आणि मेघाने मर्यादा घातल्यामुळे धाकली त्याला एक किलोवर सोडते. ते त्याच्या नावचं किलोभर भाईदास घरी नेतो.

योगराजला मात्र उत्तर अजून मिळालेलं नाही. तो दर रविवारी धुळ्याहून येतो, पाटावर बसतो, विषय काढतो. मेघा वाढत राहते. परवा त्याने कंटाळून विचारलं, "वहिनी, ते तिसरं नाही तरी म्हणून टाका एकदा."

"म्हणते ना," मेघा म्हणाली. "घाई काय आहे? हंगाम संपू द्या."

जाताना तो न विसरता भरीत घेऊन जातो. दोन किलो सांगतो, चार नेतो.